वेदी आणि शेताचा कोपरा

प्राचीन पश्चिम आशियाचा इतिहास शिकवताना दरवर्षी माझा एक तास इस्राएली लोकांच्या यज्ञविधींवर खर्च होतो. होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण अशी पाच नावे मी फळ्यावर लिहितो, मुले ती निमूटपणे वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेपर्यंत विसरूनही जातात. मागे एका वर्षी मात्र शेवटच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला. शेतकऱ्याचा मुलगा, एरवी फारसा न बोलणारा. त्याने विचारले, "सर, सगळं जग ज्यानं निर्माण केलं असं हे लोक मानतात, त्या देवाला बकरा लागतो कशाला?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "अरे, त्या काळी सगळीकडे तशीच रीत होती." इतक्यात तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. पण वाचकहो, खरे सांगायचे तर मी सुटलो नव्हतो. माझे वाक्य चुकीचे नव्हते, पण ते उत्तरही नव्हते. त्या मुलाला जे सांगायला हवे होते ते मी आज तुम्हाला सांगणार आहे.

प्रथम साधनांचा विचार करू. इस्राएली धर्मविधींची माहिती मुख्यतः तोरा या ग्रंथातून मिळते. तोरा म्हणजे उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद ही पाच पुस्तके. परंपरा ती मोशेच्या नावावर घालते आणि त्यांतील आज्ञांची संख्या ६१३ मानते. आधुनिक अभ्यासकांचे मत वेगळे आहे. निरनिराळ्या काळांत तयार झालेले थर या पाच पुस्तकांत एकत्र आले आणि त्यांना आजचे रूप इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील बाबिलोनच्या बंदिवासाच्या सुमारास व त्यानंतर मिळाले, असे बहुतेक जण मानतात. म्हणजे यातला प्रत्येक नियम प्रत्येक काळी जसाच्या तसा पाळला जात होता, असे समजू नये. कायदा हा नेहमी व्यवहाराच्या थोडा पुढे चालतो, हे तुम्हा आम्हाला काय सांगायला हवे!

पण ही नुसती पोथीतली गोष्ट नव्हे. नेगेव वाळवंटाच्या कडेला अराद येथे १९६० नंतरच्या दशकात उत्खनन झाले. तेथे किल्ल्याच्या आत एक छोटे मंदिर सापडले. त्याच्या अंगणात होमाची वेदी होती आणि गाभाऱ्यापाशी धुपाच्या दोन लहान वेद्या होत्या. १९७३ साली बैर-शेबा येथे चार कोपऱ्यांना शिंगे असलेल्या एका दगडी वेदीचे चिरे मिळाले. कोणीतरी ती वेदी मोडून तिचे दगड दुसऱ्या इमारतीच्या भिंतीत बसवले होते. आणि १९७९ साली यरुशलेमजवळच्या एका थडग्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यांवर पुरोहिताने लोकांना द्यावयाचा आशीर्वाद कोरलेला होता. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी तो गळ्यात ताईतासारखा बांधला असावा.

आता या विधीत नेमके घडत काय असे ते पाहू. एक शेतकरी यज्ञासाठी मंदिरात आला आहे अशी कल्पना करा. त्याने आणलेले जनावर निर्दोष असले पाहिजे. आंधळे, लंगडे, खरजेचे चालत नाही. म्हणजे घरात जे टाकाऊ ते देवाला, ही पळवाट पहिल्याच पायरीवर बंद. तो जनावराच्या डोक्यावर हात ठेवतो. त्यानंतर वध होतो. रक्त पुरोहित घेतो आणि वेदीवर शिंपडतो. रक्त मात्र कोणीही खायचे नाही, अगदी घरच्या जेवणातही नाही. कारण रक्तात प्राण आहे आणि प्राणावर मालकी देवाची, माणसाची नव्हे. प्रत्येक अर्पणात मीठ हवे. खमीर आणि मध वेदीवर जाळायचा नाही. आणि एक गोष्ट निक्षून सांगितलेली आहे: मोलख नावाच्या दैवताला लोक पोटची मुले देतात, तसे इस्राएलात कोणी केले तर त्याला देहदंड.

होमार्पणात सगळे जनावर जाळले जाई, फक्त कातडे पुरोहिताला मिळे. पण शांत्यर्पणाची तऱ्हा निराळी होती. त्यात चरबी वेदीवर, छाती आणि उजवी मांडी पुरोहिताला आणि बाकी सगळे मांस अर्पण करणाऱ्या माणसाला परत. ते अर्पण उपकारस्मरणाचे असेल, तर मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचे, सकाळपर्यंत काही उरता कामा नये. आता सांगा, एक बोकड एका कुटुंबाला एका दिवसात कसा संपेल? शेजारीपाजारी बोलवावेच लागणार. अनुवादाच्या पुस्तकात तर सणाच्या जेवणाला कोणाला बोलवायचे याची यादीच दिली आहे. मुलगे, मुली, दास, दासी, जमीन नसलेला लेवी, परका, पोरका आणि विधवा. म्हणजे मांस दडवून ठेवायची सोयच नियमाने काढून घेतली आणि पंगत वाढवली.

बरे, ज्याच्याकडे बोकड नाही त्याने काय करायचे? पापार्पणाच्या नियमांत याचे उत्तर आहे. ज्याला मेंढी झेपत नाही त्याने दोन पारवे किंवा कबुतराची दोन पिले आणावीत. तेही झेपत नसेल तर एफाचा दहावा हिस्सा सपीठ, म्हणजे सुमारे दोन लिटर पीठ आणावे. त्यावर तेल नको, ऊदही नको. या मूठभर पिठानेही तेच प्रायश्चित्त होते. रक्ताशिवाय पाप फिटत नाही असे मानणाऱ्या धर्माने गरिबासाठी रक्ताचीही अट सोडली, हे विसरू नका.

पण माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर पाचव्या नावात आहे. दोषार्पण! परीक्षेत मुले हे नाव हटकून विसरतात. समजा एका माणसाने शेजाऱ्याची ठेव बुडवली, किंवा काही लुबाडले, किंवा सापडलेली वस्तू सापडलीच नाही अशी खोटी शपथ घेतली. पुढे त्याच्या मनाला टोचणी लागली. अशा माणसाने काय करावे? लेवीय सांगते, त्याने प्रथम ती वस्तू परत द्यावी. मुद्दल तर द्यायचेच, पण वर पाचवा हिस्सा जास्त द्यायचा, आणि ज्याचे आहे त्याच्याच हातात द्यायचा. एवढे झाल्यावर त्याने मेंढा घेऊन मंदिरात यावे.

हा क्रम नीट पाहा. आधी शेजाऱ्याचा उंबरठा आणि मग देवाचा. शेजाऱ्याचे बुडवलेले पैसे खिशात ठेवून वेदीपुढे उभे राहता येत नाही. कोणी लुबाडलेल्या पैशातून सोन्याची शिंगे मढवलेला बैल आणला, तरी या कायद्याच्या दृष्टीने त्याचे प्रायश्चित्त सुरूच झालेले नाही. मला वाटते, बकरा कशाला याचे निम्मे उत्तर इथे मिळते. ज्याला आपण नुकसान केले त्याची भरपाई करता येते. पण नुकसान करणारा जो आपण, त्याचे काय? भरपाई झाली तरी मनात एक डाग उरतो. तो कोणासमोर तरी कबूल करून, स्वतःचे काही मोलाचे देऊन माणूस मोकळा होऊ पाहतो. वेदी ही देवाची भूक भागवण्यासाठी नव्हती, तिची गरज माणसालाच होती.

वर्षातून एकदा हेच सगळ्या समाजासाठी होई. प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक आपला भरजरी पोशाख उतरवून साधी तागाची वस्त्रे घाली आणि मंदिराच्या परमपवित्र गाभाऱ्यात जाई. एरवी तेथे कोणालाही प्रवेश नसे. दोन बोकड आणून चिठ्ठ्या टाकीत. एक परमेश्वरासाठी. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून महायाजक साऱ्या लोकांचे अपराध कबूल करी आणि तो बोकड रानात सोडून देत. पुढे दुसऱ्या मंदिराच्या काळात तर तो गाभारा अगदी रिकामा होता, कारण कोश पूर्वीच नाहीसा झाला होता. इ. स. पूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी कुतूहलाने आत शिरला. आत देवाची मूर्ती नाही, काहीच नाही, हे पाहून रोमन लोकांना मोठे नवल वाटले.

या दिवसाविषयी पुढे इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथात एक खुलासा आहे. माणसाने देवाचे जे अपराध केले त्यांची या दिवशी क्षमा होते. माणसाने माणसाचे जे अपराध केले त्यांची, त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय होत नाही. दोषार्पणाचाच क्रम पुन्हा आला की नाही?

आता मंदिरातून बाहेर पडून शेतात जाऊ. कारण ज्या लेवीय पुस्तकात वेदीवर काय जाळायचे ते आहे, त्याच पुस्तकात कापणी कशी करायची तेही आहे. शेताचा कोपरा कापायचा नाही. पडलेली कणसे वेचायची नाहीत. द्राक्षमळा पुन्हा फिरून झाडायचा नाही. ते सारे गरिबाचे आणि परक्याचे. अनुवादात आणखी एक भर आहे: पेंढी शेतात विसरलात तर ती आणायला माघारी फिरू नका. रूथची गोष्ट तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. मवाब देशातली ही विधवा सून सासूबरोबर बेथलेहेमला येते आणि बवाजच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचते. तिने कोणापुढे हात पसरला नव्हता. कायद्याने तिचे होते ते ती घेत होती. पुढे मिश्नाकारांनी हिशेबही घालून दिला. हा कोपरा शेताच्या साठाव्या हिश्शाहून कमी असू नये.

सातव्या दिवशी विश्रांती, आणि ती केवळ मालकाला नव्हे, तर दासाला, दासीला, बैलाला, गाढवाला आणि दारच्या परक्यालाही. सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती आणि कर्जदाराला सूट. पन्नासाव्या वर्षी विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ घराण्याकडे परत. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यायची. गहाण म्हणून कोणाचे पांघरूण घेतले असेल तर तिन्हीसांजेला ते परत करायचे, कारण त्याला अंगावर घ्यायला दुसरे काही नाही.

हा पांघरुणाचा नियम वाचून मला पूर्वी वाटे की हे नुसते शोभेचे बोल असावेत. पण १९६० साली भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर, यावनेजवळच्या एका जुन्या किल्ल्यात, शाईने लिहिलेले एक खापर सापडले. काळ इ. स. पूर्व सातव्या शतकाचा. तो एका कापणी करणाऱ्या मजुराचा अर्ज आहे, तेथल्या अधिकाऱ्याला लिहिलेला. तो सांगतो की मी माझी कापणी पुरी केली, धान्य कोठारात घातले, तरीही होशयाहू नावाच्या माणसाने येऊन माझे वस्त्र काढून नेले. माझ्याबरोबर उन्हातान्हात कापणी करणारे माझे भाऊबंद साक्ष देतील. मी निर्दोष आहे, माझे वस्त्र मला परत मिळावे. या अर्जात त्याने धर्मग्रंथातल्या कोणत्याही आज्ञेचा उल्लेख केलेला नाही, आणि ते वस्त्र गहाणही नव्हते, जप्त केलेले होते. पण अंगावरचे एकुलते एक वस्त्र जाणे म्हणजे काय, हे त्या खापरावरून कळते. असे नियम कोणासाठी करावे लागले, तेही कळते.

या कायद्यांचे सगळेच गोडवे गावेत असे मात्र नाही. गुलामगिरी त्यांनी रद्द केली नाही. हिब्रू दासाला सातव्या वर्षी मोकळे करायचे, पण परदेशी दास वारसाहक्काने मुलांकडे जात. भरपाई न देऊ शकणारा चोर विकला जाई. स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीचे स्थान नव्हते. शेजारच्या बाबिलोनातला हम्मुराबीचा कायदा ऐपत नसलेल्या चोराला ठार मारी, तोराने मालाच्या चोरीला देहदंड दिला नाही, हा फरक खरा. पण शब्बाथ मोडणाऱ्याला त्याच तोरात देहदंड आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही पाने वाचली पाहिजेत.

आणि नियम होते म्हणून ते पाळले जात होते, असेही नाही. इ. स. पूर्व आठव्या शतकात तकोवा गावचा आमोस नावाचा एक गुराखी बेथेलच्या राजमंदिरात जाऊन उभा राहिला. उंबरफळांची निगा राखणारा हा साधा माणूस. त्याने लोकांना काय सुनावले? तुम्ही गरिबांकडून गहाण घेतलेली पांघरुणे अंथरून वेदीपाशी लोळता! तुमच्या सणांचा देवाला वीट आला आहे, तुमची गाणी त्याला ऐकवत नाहीत, त्याला हवा तो न्याय, आणि तोही वाहत्या नदीसारखा. बेथेलच्या पुरोहिताने त्याला देशाबाहेर निघून जायला सांगितले. पण त्याचे शब्द गेले नाहीत. होशेय, यशया, मीखा यांनी तेच आपापल्या परीने सांगितले. आणि आश्चर्य असे की ज्या लोकांनी वेदीचे नियम जपून ठेवले, त्यांनीच वेदीवरची ही जहरी टीकाही त्याच पवित्र ग्रंथसंग्रहात जपून ठेवली.

ती त्यांच्या फार उपयोगी पडली. इ. स. पूर्व ५८६ मध्ये नबुखद्नेस्सराने शलमोनाचे मंदिर जाळले. सुमारे सत्तर वर्षांनी दुसरे मंदिर उभे राहिले. इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती तीत याने तेही जाळले. तेथली सात फाट्यांची दीपमाळ लुटीत मिरवत नेली गेली. रोममध्ये तीतच्या कमानीवर ते दृश्य आजही कोरलेले दिसते. वेदी गेली. रोज सकाळ-संध्याकाळ अर्पण होणारी कोकरे थांबली. आता पाप फिटायचे कसे?

परंपरा सांगते की योहानान बेन जक्काई हा पंडित आपल्या शिष्याबरोबर त्या भग्न मंदिरावरून जात होता. शिष्य रडू लागला, तेव्हा गुरूने त्याला समजावले की मुला, दुःख करू नकोस, आपल्याजवळ तेवढ्याच योग्यतेचे दुसरे प्रायश्चित्त उरले आहे, ते म्हणजे दयेची कृत्ये. पुढे अर्पणाच्या वेळांना प्रार्थनेच्या वेळा आल्या, वेदीच्या जागी घरातले जेवणाचे मेज आले, पुरोहिताच्या जागी शिक्षक आला. शोमरोनी पंथाचे थोडे लोक गरिज्जीम डोंगरावर वल्हांडणाचा कोकरांचा बळी अजून देतात. बाकी यहुदी जगात तो विधी संपला तो संपलाच. पण धर्म संपला नाही, कारण त्याचे निम्मे मूळ वेदीत होते, तरी निम्मे शेताच्या कोपऱ्यात होते.

याचा एक पुरावा आपल्या कोकणात आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज आले, असे बेने इस्राएल लोक सांगत आले. त्यांच्याजवळ मंदिर नव्हते, वेदी नव्हती, परंपरेप्रमाणे तोराची गुंडाळीही नव्हती. ते तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. मुलांची सुंता, 'शमा' या प्रार्थनेचे उच्चारण, आणि पर व खवले असलेलेच मासे खाणे एवढे त्यांनी धरून ठेवले. असे सांगतात की दावीद राहबी नावाचा यहुदी गृहस्थ तेथे आला, तेव्हा त्याने स्त्रियांपुढे मिश्र मासे ठेवले. त्यांनी बिनखवल्यांचे मासे आपणहून बाजूला काढले. त्यावरून त्याने हे आपले भाऊबंद असल्याचे ओळखले. १७९६ साली मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १९४८ नंतर या समाजातले बहुतेक जण इस्राएलला गेले आणि घरात मराठी बोलत राहिले. भव्य मंदिराच्या राखेतून जे उरले, ते चुलीपाशी आणि घाण्यापाशी उरले, हा त्याचा अर्थ.

तेव्हा माझ्या त्या विद्यार्थ्याला मी आता काय सांगेन? बाळ, तुझा प्रश्न नवा नाही. तो आमोसने विचारला होता, आणि तोही तुझ्यासारखाच शेतारानात वाढलेला होता. देवाला बकरा लागत नाही, हे त्या लोकांनाही उमगले होते. पण आपण केलेला अपराध उघड्यावर कबूल करायला, हातचे काही सोडायला आणि पंगतीला चार माणसे बोलवायला माणसाला काहीतरी निमित्त लागते. ते निमित्त चांगले की वाईट, याची कसोटी त्यांनीच लिहून ठेवली आहे. मंदिरात येण्यापूर्वी शेजाऱ्याचे देणे दिलेस का? वर पाचवा हिस्सा दिलास का? आणि कापणी करताना शेताचा कोपरा ठेवलास का?

तो मुलगा आता पदवी घेऊन गावी गेला आहे. शेती करतो असे कळते. हे टिपण छापून आले की त्याची एक प्रत मी त्याला पाठवणार आहे. एका तासाचे देणे माझ्याकडे राहिले होते. त्यावर पाचवा हिस्सा म्हणून हे थोडे अधिक बोललो, असे समजावे.